लग्नाची सेलरी

नाही, नाही, तो नका घेऊ, त्याची बाहेरची दांडी तडकलीय. थांबा, मी देते निवडून — हा बघा, हा घ्या. आतून कसा पांढरा आहे! हे असं आपोआप होत नाही हं बाई, महिनाभर मातीची भर घालत बसावं लागतं, देठांना ऊन लागू द्यायचं नाही, नाहीतर सेलरी कडू होते, नुसते दोरे चावल्यासारखं वाटतं. दुकानात तुम्हाला मिळते ना, तसली. खाऊन बघा. अहो खा, धुतलेली आहे, सकाळीच पंपाखाली धरली होती मी — लागली ना गोड? सगळे असंच म्हणतात. आणि एकच गड्डा? एका गड्ड्यानं काय होतंय? तीन घ्या, चार घ्या, सूप करा, कोंबडीत भरा, शेजारणीला द्या. मी पैशासाठी म्हणत नाहीये, तो डबा ठेवलाय तिथं, त्यात टाका काय टाकायचं ते, मी बघतसुद्धा नाही. मला फक्त ही इथून गेलेली हवीय. सगळी. आणि गाडी एवढ्या लांब कशाला लावलीत? रस्त्यापलीकडं, अक्रोडाखाली? इथं दारात एवढी जागा मोकळी आहे, दोन बग्ग्या सहज उभ्या राहतात. असो. तुमची मर्जी.

एवढी सेलरी कशी? हं. विचारलंत. बरं केलंत विचारलंत, कारण आमच्या पंथातलं कुणी विचारतच नाही. येतात, घेतात, हवापाण्याचं बोलतात, माझ्या तोंडाकडं न बघता बग्गीत चढतात. त्यांना माहीत आहे ना. आमच्याकडे सेलरी म्हणजे लग्न, बाई. लग्नाला शिजवलेली लागते, कच्ची लागते, आणि टेबलाटेबलावर काचेच्या बरण्यांत उभी करून ठेवायला लागते, तुम्ही फुलं ठेवता तशी. चारशे माणूस, दोन वेळा जेवायचं. आणि गंमत अशी की लग्न ठरलंय हे तर कुणाला सांगायचं नाही! प्रार्थनेनंतर डीकन, म्हणजे बिशपचा मदतनीस, उभा राहून जाहीर करेपर्यंत तोंडाला कुलूप. पण सेलरी तर जुलैत लावायला हवी. मग काय होतं — जुलैपासून येणारी-जाणारी प्रत्येक बग्गी वाफ्यापाशी आली की हळू होते. ‘सलोमा, यंदा सेलरी बरीच दिसतेय गं?’ — ‘हो बाई, आमच्या बेनुएलला फार आवडते.’ चारशे गड्डे! एकटा माझा नवरा, बेनुएल! मी आपली शहाणी, गोठ्याच्या मागे लावली होती, रस्त्यावरून दिसायला नको म्हणून. तर पलीकडची लव्हीना सफरचंदाच्या पायची थाळी परत द्यायला आली ती गोठ्याला वळसा घालून. सरळ वाट सोडून, चिखलातून! कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? लव्हीनाला कळलं म्हणजे दोन्हीकडच्या दहा मैलांना कळलं.

हसा, हसा. मीसुद्धा हसले होते तेव्हा. खूप खूश होते हो मी. वाकून वाकून कंबर धरली होती तरी खूश.

काल होतं लग्न. काल, मंगळवारी. नाही — झालं नाही. काल पहाटे साडेतीनला मला आपोआप जाग आली, म्हणजे ज्या दिवशी घरात लग्न असतं त्या दिवशी जशी येते तशी, आणि उठून बसले तर करायला काहीच नाही. मग खिडक्या पुसल्या. घरात चौदा खिडक्या आहेत, चौदाच्या चौदा पुसल्या. बेनुएल उठला, त्यानं बघितलं, खेचरं जुंपून मक्याच्या रानात गेला. तो त्या रविवारपासून बोलतच नाही. म्हणजे बोलतो — ‘मीठ दे’, ‘वारा फिरला’, ‘काळ्या खेचराचा नाल सैल झालाय’. हे सगळं बोलतो. बाकी नाही.

हो, धाकटीचं लग्न. सहाजणांतली शेवटची. पाचजणांची लग्नं झाली इथं, याच अंगणात, काही म्हणून कमी पडलं नाही. ही सहावी. मुलगा कसा म्हणता? अहो मुलगा सोन्यासारखा! एनॉस डीनर. घोड्यांचे साज शिवतो, हातात कला आहे, तोंडात शब्द नाही. तिच्या मागे दोन वर्षं होता. दर पंधरा दिवसांनी, शनिवारी, न चुकता, पावसात, बर्फात. एकदा तर थंडीनं कान सुजून आला होता. मी तिला म्हणायचे, अगं, कान गळून पडतील बिचाऱ्याचे, तू काय ते ठरव. आणि तिनं — ठरवलं असं मला वाटलं. आता वाटतं मीच ठरवलं. कारण आमच्याकडे बाप्तिस्मा घेतल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि बाप्तिस्मा घ्यायचा की नाही, कधी घ्यायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, त्यात कुणी ढकलायचं नसतं. बिशपसुद्धा विचारतो, नीट विचार केलाय ना, नंतर मागे फिरण्यापेक्षा आता थांबलेलं बरं. कुणी ढकलायचं नसतं. आणि मी ढकललं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात रोज. कपडे वाळत घालताना, शेंगा सोलताना, केस विंचरताना. ‘एनॉस किती थांबेल गं? तुझ्या बरोबरीच्या सगळ्या बसल्या बाप्तिस्म्याच्या शिकवणीला, तूच तेवढी मागे.’ ती म्हणायची, आई, पुढच्या वर्षी. मी म्हटलं, पुढच्या वर्षी मी असेन का. काय होणार होतं मला? बैलासारखी तब्येत आहे माझी! पण आया म्हणतात असं. तुमच्याकडेही म्हणतात ना? मग तिनं गेल्या शरदात गुडघे टेकले आणि वचन दिलं. मी रडले. आनंदानं रडले हो मी त्या दिवशी.

तुम्हाला नाही कळायचं त्यात काय एवढं. सांगते. वचन देण्याआधी गेली असती, तर गेली असती. दुःख झालं असतं, पण रविवारी संध्याकाळी आली असती, आमच्या टेबलाशी बसली असती, ‘आई, बटाटे दे’ म्हणाली असती. वचन दिल्यावर गेली म्हणजे मोडलं. मोडलं की वाळीत. एवढाच फरक. एक वर्षाचा फरक, आणि ते वर्ष मी घाईनं पुढं ओढलं.

तर त्या रविवारचं सांगत होते. आमची पद्धत अशी की ज्या रविवारी लग्न जाहीर होतं त्या रविवारी नवरीमुलगी प्रार्थनेला जात नाही. घरी राहते, एकटी, आणि नवऱ्या मुलासाठी स्वयंपाक करते. डीकननं नावं घेतली की बाप उभा राहतो आणि सगळ्यांना आमंत्रण देतो, आणि मुलगा काय करतो — शेवटच्या गाण्याआधी टोपी उचलतो, बाहेर पडतो, घोडा जुंपतो आणि निघतो तिच्याकडे. सगळे आत बसून त्याच्या बग्गीची चाकं ऐकतात. बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात. फार गोड असतं ते, बाई. मी माझ्या वेळचं अजून विसरले नाही, बेनुएल आला तेव्हा माझी रस्सा करपवून ठेवलेली कढई मी पायरीखाली लपवली होती. दोघंच जेवतात, भरल्या घरात आयुष्यात पहिल्यांदा दोघंच. आणि बघा ना, मुलीच्या जन्मात असा हा एकच रविवार येतो की घरात कुणी नसतं, गल्लीत कुणी नसतं, झाडून सगळे प्रार्थनेला, संध्याकाळपर्यंत कुणी विचारणारं नाही. एकच रविवार. आणि तो आम्हीच तिला दिला.

बेनुएल उभा राहिला. त्याला बोलायला आवडत नाही चारचौघांत, कान लाल झाले होते, पण चांगलं बोलला — सोळा वर्षांवरच्या सगळ्यांनी यायचं, मंगळवारी, आम्ही वाट बघू. एनॉस उठला. टोपी शोधताना धडपडला, पोरं हसली. चाकं वाजली. लव्हीनानं माझ्या मांडीवर थोपटलं. आम्ही जेवून, भांडी आवरून, दुपारी तीनला घरी पोचलो तर एनॉसची बग्गी दारात, घोडा तसाच जुंपलेला, आणि एनॉस कुठं असेल? गोठ्यामागे, सेलरीच्या वाफ्यात. उभा. मला म्हणाला, ‘मला वाटलं ती सेलरी खुडायला आली असेल.’ दोन तास तिथं उभा होता तो मुलगा. आत टेबल मांडलेलं, दोन ताटं, पांढरी चादर. कोंबडी, बटाटे, घेवडा, सफरचंदाचा पाय — सगळं चुलीच्या मागच्या बाजूला सरकवून ठेवलेलं, गार होऊ नये म्हणून. झाकणं लावून. त्यानं एका झाकणाला हात लावला नव्हता. मी म्हटलं, एनॉस, बाळा, खा काहीतरी.

चिठ्ठी? नाही. कुणाबरोबर गेली? कुणाबरोबर नाही हो, एकटी गेली, तेच तर कुणाला समजत नाही. कुणी असता तर नाव ठेवायला बरं झालं असतं. डीकन विचारतो, बिशप विचारतो, काय कमी होतं? मी काय सांगू? थोरलीच्या बाळंतपणात ही सुईणीच्या हाताखाली होती, तेव्हापासून तिचं लक्ष उडालं होतं एवढं सांगू शकते. सुईण म्हणाली, हिच्या हाताला गुण आहे. मग कुठून कुठून पुस्तकं आणायची, गादीखाली ठेवायची. आठवीपर्यंत शाळा आमच्याकडे, त्यापुढं शिकून करायचंय काय? मी तिला ओरडले नाही. फक्त पुस्तकांवरची चादर नीट केली. आता तुम्ही म्हणाल —

काय म्हणालात?

फीबी म्हणालात तुम्ही. ‘फीबीचा हात खरंच हलका आहे’ म्हणालात. मी नाव नाही घेतलं, बाई. मघापासून मी धाकटी म्हणतेय, धाकटी, ही, ती. नाव नाही घेतलं. या घरात तीन आठवडे कुणी नाव घेतलेलं नाही, माझ्या तोंडून चुकून जाईल असं होणारच नाही.

तुम्हाला सेलरी नकोच होती.

त्या गाडीत आहे का ती?

नका बोलू. मान हलवलीत, कळलं. बसा तुम्ही, त्या पेटीवर बसा — नको, उभ्याच राहा, बेनुएलला तिकडून दिसतं, गिऱ्हाईक उभंच असतं. मी सेलरी निवडत राहते. मी तिकडं बघत नाही. अक्रोडाखाली लावलीत म्हणून काचेवर झाडाची सावली आहे, मघाशी मला वाटलं आत कोट टांगलाय. बारीक झालीय का? जेवते ना? तुमच्या घरी राहते? तुम्ही — नर्स. हं. दवाखान्यात. बरं. नवरा चांगला आहे तुमचा? मुलं आहेत? वेगळी खोली आहे तिला? तिला पहाटे कुडकुडायला होतं, लहानपणापासून, पायाशी काहीतरी घ्यावं लागतं. डोक्यावर आमच्या बायकांची पांढरी टोपी आहे का तिच्या? — नका, नका सांगू. मी विचारलंच नाही असं समजा.

ऐका. तिला सांगा, अजून वेळ आहे. बुध, गुरू, शुक्र, शनि — चार दिवस आहेत. नुसतं यायचं. काही बोलायचं नाही, समजावायचं नाही. रविवारी सभेपुढं गुडघे टेकायचे, चूक झाली म्हणायचं, बिशप हात धरून उठवतो आणि संपलं, त्याच्यानंतर कुणी त्याचा उच्चारसुद्धा करायचा नसतो, तसा नेमच आहे आमचा. एनॉसशी लग्न नको तर नको! मी ढकलणार नाही. मी शब्द देते, मी पुन्हा कधी, कशालाही —

म्हणून नाही आली? मग? कशासाठी आली?

कागद. जन्माचा कागद. परीक्षेला बसायला लागतो, नावनोंदणीला लागतो. असं होय. म्हणजे कागद मिळाला की पुढचं सगळं सुरू. मग ती मागे वळायची नाही, नाही का? आणि स्वतः आली नाही, तुम्हाला पाठवलं, सेलरी विकत घ्यायला. हुशार आहे. पूर्वी लव्हीनाच्या अंगणातला पोरांचा खेळ बघायला जायचं असलं की असंच, हातात दुधाची बाटली घेऊन, ‘आई, दूध देऊन येते.’

नाही हो बाई. नाही देता येणार. कागद बेनुएलच्या मेजात, मेजाला कुलूप, किल्ली घड्याळाच्या मागे, आणि घड्याळाची काच उघडली की ती अशी वाजते की गोठ्यात ऐकू जाते. डीकननं सांगून ठेवलंय, काहीही लागलं तर तिला इथं यावं लागलं पाहिजे, आपण वाट सोपी करायची नाही. चुकीचं काय त्यात? एवढी एक दोरी तर राहिलीय. ती मी कापून देऊ? आणि नाही दिली तरी काय, ती काय परत येणारे? वर्षभर अडेल, कचेऱ्यांच्या पायऱ्या चढेल, दुसरा कागद मिळवेल आणि जन्मभर म्हणेल, आईनं अडवलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तुम्ही सांगा, तुम्ही शिकलेल्या आहात. काय करतात अशा वेळी शिकलेल्या बायका?

रविवारी काय होतं, माहीत आहे का तुम्हाला? तिनं सांगितलं नसेल. प्रार्थना झाली की मुलं बाहेर जातात. फक्त वचन दिलेले आत राहतात. बिशप उभा राहतो, काय झालं ते सांगतो, तिला वाळीत टाकायचं म्हणतो. मग डीकन बायकांच्या बाकांमधून फिरतो, एकेकीपाशी वाकतो, हळूच विचारतो. प्रत्येकीनं आपल्या तोंडानं सांगायचं — मला मान्य आहे. प्रत्येकीनं. थोरली सांगेल. लव्हीना सांगेल. आणि मग माझ्यापाशी वाकेल तो. आईला वगळत नाहीत. पुरुषांकडे बेनुएल सांगेल, एनॉस सांगेल. मी नाही म्हटलं तर? म्हणून बघा! माझ्या एका नाहीनं सगळं अडतं, मग सगळे मला समजवायला येतात, शेवटी मी आणि बेनुएल दोघंही वाळीत पडायच्या काठावर. आजारी पडू? दर रविवारी? आणि मान्य आहे म्हटलं की झालं. त्यानंतर ती आली तर तिचं ताट वेगळ्या टेबलावर. टेबलं जवळ लावतात हं, आम्ही काही दगड नाही, वर एकच चादर घालतात की बघणाऱ्याला एकच टेबल वाटावं — पण मधे फट असते. चादरीखाली बोट घातलं की लागते.

आणि तिच्या हातून काही घ्यायचं नाही. देता येतं. हे लक्षात घ्या, देता येतं. ती उपाशी असली तर वाढा, आजारी असली तर जाऊन बसा, जोडे द्या, पांघरूण द्या, सगळं द्या. घेता येत नाही. तिच्या हातून पाण्याचा पेला घ्यायचा नाही. तिनं टेबलावर ठेवायचा आणि मग मी उचलायचा. वीस वर्षं तिनं मला पेले दिले, मी एकदा तरी बघून घेतला असेल का? ‘ठेव तिथं’ म्हणायचे मी, माझे हात पिठात.

म्हणून एक करा. एवढंच करा, मी पुन्हा काही मागणार नाही. रविवार अजून आलेला नाही. आज बुधवार आहे, आज काही मोडलेलं नाही. तिला म्हणावं, इथं ये, आणि माझ्या हातात काहीतरी दे. काहीही. गाडीतली बाटली दे, झाडाचं पान दे, हा सेलरीचा गड्डा इथून उचल आणि मला दे. तिच्या हातातून माझ्या हातात, एकदा. कागदाचं मग बघू. जा, विचारा. मी पाठ करून उभी राहते, टोपी नसली तरी मला दिसणार नाही, तिला म्हणावं आईनं पाठ केलीय. हात मागे धरते मी. असा. जा ना.

...

आलात? दार वाजलं. एकदाच वाजलं.

एकट्याच.

काय म्हणाली? ‘तिला झेपणार नाही.’ हं. कुणाला, तिला का मला? बरं, बरं. नका सांगू. रडत होती? मग तेवढं बरं आहे. म्हणजे बरं नाही, पण — हातात काय आहे तुमच्या? रुमालात?

टोपी.

धुतलीय. इस्त्री केलीय बघा, चुणीवर चुणी, एक घडी इकडची तिकडे नाही. मला कधी जमली नाही अशी, घरातल्या सगळ्यांच्या टोप्या तीच करायची, शनिवारी रात्री, एका रांगेत मांडून. तुमच्या घरी केली ही? विजेच्या इस्त्रीनं? म्हणून एवढी — आणा इकडं. तुमच्या हातून घ्यायला मला कुणाची ना नाही. परत पाठवली तिनं. ठीक आहे. फेकून नाही दिली, धुऊन परत पाठवली. तशीच आहे ती, उसनी वाटीसुद्धा कधी रिकामी परत न देणारी.

मला माहीत होतं, बाई.

कुणाला सांगू नका, तुम्हाला सांगते, तुम्ही परक्या आहात. बेनुएलला माहीत नाही, डीकनला नाही. त्या रविवारी सकाळी मी बग्गीत चढले आणि परत उतरले, रुमाल राहिला म्हणून. आत आले तर ती चुलीशी. आणि पायात बूट. काळे, हिवाळ्यातले, घट्ट बांधलेले. ऑक्टोबरात, बटाटे उकडायला, हिवाळी बूट! दाराआड पिठाची पिशवी, भरलेली, तोंड बांधलेलं, आणि त्यात पीठ नव्हतं, पीठ असं कोपरे काढून बसत नाही. मी बघितलं. मी बघतेय हे तिनं बघितलं. ती म्हणाली, ‘रुमाल खुंटीवर आहे, आई.’ मी रुमाल घेतला. आणि म्हटलं, ‘बटाट्यात मीठ बघ.’

एवढंच. बटाट्यात मीठ बघ. आणि जाऊन बग्गीत बसले. तीन तास गाणी म्हटली. बेनुएल उभा राहून आमंत्रणं देत होता तेव्हा मी मान खाली घालून बसले होते, बायकांना वाटलं लाजतेय, आनंद झालाय. मी बोलले असते तर काय झालं असतं? पिशवी ओढून घेतली असती? नाहीतर जा म्हटलं असतं? दोन्हींतलं एकही मला येत नव्हतं. बोललं नाही तर खरं होणार नाही असं वाटलं. आणि आता रविवारी तिच्याबद्दल मला विचारणार, मान्य आहे का. मला विचारणार!

खेचरं वळली बघा बांधाशी. पाण्याला येतोय तो. निघा आता. नाही, थांबा — गड्डे घ्या, चारही घ्या, रिकाम्या हातानं गेलात तर दिसेल. आणि हे.

हो, तोच. मेजात आहे म्हटलं ना मी? नाहीये. त्याच रविवारी संध्याकाळी काढला, बेनुएल धारा काढत होता, घड्याळ वाजलं तेव्हा मी मोठ्यांदा खोकले. तीन आठवडे एप्रनच्या खिशात घेऊन फिरतेय. कशाला काढला ते मला विचारू नका. एकदा वाटायचं चुलीत घालावा, एकदा वाटायचं पोस्टात टाकावा, पत्ता कुठं होता माझ्याकडे. जरा ओला झालाय, काल खिडक्या पुसल्या ना. पण वाचता येतंय — फीबी, आणि खाली माझं नाव. पानांमध्ये खोचा. आत, अजून आत, दिसतोय. देता येतं मला. सांगितलं ना, देणं कधीच बंद होत नाही. तिला म्हणावं, आईनं दिला असं नको सांगूस कुणाला — नाही, असं नका म्हणू. काहीच नका सांगू. पायाशी काहीतरी घेऊन झोप म्हणावं. जा. जा म्हणते ना, तो आलाच. मागे वळून बघायचं नाही, गाडी सरळ काढायची.

काय म्हणालात, बाई? मोठ्यानं बोला — रविवारी सेलरी मिळेल का? नाही, नाही. ती डब्यावरची पाटी वाचली नाहीत का? आमच्या पोरीनं लिहिलीय. रविवारी आमच्याकडे काही देत नाहीत, काही घेत नाहीत. रविवारी बंद असतं.